चढावर पळून जाणारी ऊब

मेसाबा ॲव्हेन्यूचा चढ लागला की माझ्या पिकअपमधली गरम हवा पायांवरून नाहीशी व्हायची आणि थेट समोरच्या काचेवर जायची. अमेरिकेतलं डुलुथ शहर लेक सुपीरियरच्या काठावरून सरळ डोंगरावर चढलेलं आहे, त्यामुळे रोज पहाटे ड्यूटीला जाताना हे ठरलेलंच. बाहेर उणे २४, बुटांत बोटं बधिर. माथ्यावर पोचून ॲक्सिलरेटर सोडला की 'फुस्स' होऊन हवा पुन्हा खाली यायची. डिसेंबर संपता संपता तीही येईनाशी झाली.

गाडी १९९४ची, पेट्रोलची. शेजारच्या आजोबांकडून घेतलेली, माझी फार लाडकी. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. मी रात्री मिरजेला फोन लावला.

बाबा रेल्वेत कॅरेज फिटर, म्हणजे डब्यांची दुरुस्ती करणारे, होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हवा गरम येतेय ना?"

"कडकडीत येतेय, फक्त भलतीकडे."

"मग हीटर चांगलाय. कुठंतरी हवा घेतंय बघ. साखळी ओढली की रेल्वे का थांबायची, सांग मला."

हे त्यांनी मला लहानपणी फलाटावर उभं करून समजावलं होतं. जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असायचे. इंजिन सगळ्या डब्यांखालच्या पाइपातली हवा खेचून घ्यायचं, पाऱ्याच्या ५१० मिलिमीटरपर्यंत, आणि त्या पोकळीवर ब्रेक सुटलेले राहायचे. साखळी ओढली की पाइपात हवा शिरायची आणि ब्रेक लागायचे. पाइप फुटला तरी तेच. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, अशी ती रचना.

माझ्या पिकअपमध्येही तेच चाललं होतं. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यातून) व्हॅक्यूम, म्हणजे पोकळीची ओढ, घेऊन हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा ओढल्या जातात. व्हॅक्यूम गेलं की स्प्रिंग झडपेला काचेकडे ढकलते. पाय गारठले तर निभतं, काच धुकटली तर निभत नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबून थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडल्यावर मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम पडतंच. त्या वेळेपुरता साठा राहावा म्हणून एक टाकी आणि एक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, दिलेला असतो. तो साठा माझ्याकडे टिकत नव्हता.

रविवारी हातपंप आणला, गेजवाला. इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवून मॅनिफोल्डच्या तोंडाशी गेज लावला: पाऱ्याचे १९ इंच. बाबांचे ५१० मिलिमीटर म्हणजे २० इंच! एवढ्याशा इंजिनात जवळपास तेवढंच व्हॅक्यूम, मला फार गंमत वाटली. चेक व्हॉल्व्ह काढून फुंकून पाहिला. एकीकडून हवा जात होती, दुसरीकडून नाही. मग टाकीकडे आणि डॅशबोर्डकडे जाणाऱ्या नळीला पंप लावून १५ इंचांवर नेलं. काटा मिनिटभर तरी जागचा हलायला नको. तो आठ सेकंदांत शून्यावर.

मग नळी बोटांनी चाचपत निघाले. बॉलपेनच्या रिफिलीएवढी जाड, काळी, कडक प्लास्टिकची. बॅटरीच्या ट्रेमागे ती वळते, तिथे पांढुरकी पडली होती. जरा वाकवली तर खराट्याच्या काडीसारखी कट्‌कन मोडली. तीस वर्षं इंजिनची धग आणि बॅटरीची वाफ, दुसरं काय होणार? खराब तुकडा कापून रबरी नळी दोन्ही टोकांवर घट्ट बसवली. गोंद लावायचा नाही, सांधा नीट बसला की व्हॅक्यूमच त्याला धरून ठेवतं. पुन्हा पंप मारला. काटा १५वर थांबला आणि थांबूनच राहिला. मी गॅरेजच्या थंडीत उकिडवी बसून त्याच्याकडे बघत होते.

तुमच्याही गाडीत असं झालं तर आधी बॉनेट उघडा. डॅशबोर्डचे स्क्रू शेवटी. आणि डॅशमागची गळतीची सूं सूं ऐकायची तर ब्लोअर (हीटरचा पंखा) बंद करून ऐका, मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली. तापमान बदलणारी झडप माझ्या गाडीत केबलवर चालते, तिचा व्हॅक्यूमशी संबंध नाही, म्हणून हवा गरमच राहिली होती.

सोमवारी मेसाबाचा पूर्ण चढ पाय उबेत होते. पार्किंगमधूनच फोन केला.

"चेक व्हॉल्व्ह जुनाच ठेवलास?" बाबांनी विचारलं.

"चांगला आहे तो, बाबा."

"रबर आहे गं आत. नळीएवढंच वय त्याचं."

नवा मागवला आहे. गुरुवारी येईल.