भिंत कसली आहे?

दिवाळीच्या तोंडावर मोबाइलवर पॉवर टूल किटच्या जाहिराती सुरू झाल्या की आमच्या घरात एक माणूस, म्हणजे माझा नवरा, सुतार व्हायला लागतो. पेटी उघडलेली, प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खाचा, मधोमध ड्रिल मशीन आणि वर ठळक अक्षरांत ‘शंभर नग’. मी ती यादी नीट वाचली. नगांत स्क्रू धरलेले, भोकात स्क्रू घट्ट बसावा म्हणून घालायचे गट्टू धरलेले, ड्रिलचा चक, म्हणजे पुढचा जबडा, आवळायची चावीसुद्धा धरलेली. असंच मोजायचं तर माझ्या मिसळणाच्या डब्यात नुसत्या मोहरीचे काही हजार नग निघतील.

पण किट घेणारा माणूस आजचा नसतोच मुळी. तो येत्या मे महिन्यात पुस्तकांचं कपाट करणार असतो, गॅलरीत झोपाळा टांगणार असतो, आणि पेटी त्या मे महिन्यातल्या माणसाला शोभेल अशी निवडली जाते. आजच्या माणसाचा खिळा अजून सरळ जात नाही, हा विषय त्या वेळी कोणी काढत नाही. मी काढते.

त्यात त्या मशीनचा घाटच असा की माणूस भुलतो. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, हे रूप ड्रिलला अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर यांच्या 1917 सालच्या पेटंटनं दिलं. तेव्हापासून दुकानात ड्रिल हातात घेऊन हवेत एकदा घर्रर्र न करता परत ठेवणारा पुरुष मी तरी पाहिलेला नाही.

इथे सांगलीत गणपती पेठेतल्या ज्या दुकानात आम्ही नेहमी जातो, तिथल्या काकांनी हे घर्रर्र शांतपणे होऊ दिलं. मग विचारलं, “भिंत कसली हाय?”

“म्हणजे?”

“म्हणजे गावभागातला वाडा हाय, का विश्रामबागेतला फ्लॅट?”

किती शिकलात, आधी काय काय केलंय, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. भिंत विचारली. जुन्या वाड्याची दगडमातीची भिंत असेल तर ठोके मारणारं मशीन लावलं की भोक राहतं बाजूला आणि गिलाव्याचा पोपडा हातात येतो. तिथे नुसतं फिरवायचं, तेही बेतानं. विटेची भिंत असेल तर पाचशे-सहाशे वॅटचं साधं इम्पॅक्ट ड्रिल घरकामाला रग्गड झालं. खरी मेख खिडकीवर असते. पडद्याचा रॉड जिथे लावायचा, नेमकं तिथेच लिंटेलचं, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईचं, काँक्रीट. बाजूच्या भिंतीत लोण्यासारखं गेलेलं बिट, म्हणजे ड्रिलचं भोक पाडणारं पातं, तिथे अर्ध्या इंचावर अडतं आणि माणूस खांदा लावून रेटायला लागतो.

रेटून काही होत नाही. इम्पॅक्ट ड्रिलच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत उड्या मारतात. ठोके पुष्कळ, पण एकेक ठोका फुसका. काँक्रीटसाठी वेगळं मशीन असतं, रोटरी हॅमर. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा ठोका देते. ठोके कमी, पण असे की काँक्रीटला ऐकावंच लागतं. हातानं फक्त मशीन सरळ धरायचं. काका म्हणाले, “साहेब, वर्षात चार भोकं लिंटेलला पाडायला हॅमर इकत घेऊ नका. भाड्यानं न्या.” गिऱ्हाइकाला कमी विकणारा दुकानदार दिसला की मला आधी संशय येतो, मग आदर वाटतो.

माझं या बाबतीतलं मत जरा उलटं आहे. नवशिक्याला हलका माल आणि उस्तादाला भारी, अशी रीत पडून गेली आहे. उस्तादाला हलका माल चालतो. बिट बोथट झालंय हे त्याला आवाजावरून कळतं, तो थांबतो, बदलतो. नवशिक्याला वाटतं आपलाच जोर कमी पडतोय. तो दाबतो, बिट सरकतं, सहा मिलिमीटरच्या जागी आठचं भोक होतं, गट्टू आत गरगर फिरतो, आणि मग घरोघरचा अखेरचा उपाय म्हणून त्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या जातात. म्हणून मशीन मध्यम घ्या, पण भिंतीची बिटं उत्तम घ्या. टोकाला कार्बाइडचा, म्हणजे पोलादाहून कठीण, तुकडा नीट बसवलेली दोन-तीन. शंभर नगांतली बिटं बहुतेक वेळा तिथेच मार खातात.

स्क्रू पिळायला मात्र बिनवायरचं मशीन मला मनापासून आवडतं. बारा व्होल्टचं, हलकं, स्टुलावर उभं राहून एका हातात पेलणारं. त्याच्या गळ्यात आकड्यांचं एक कडं असतं. ते कमी आकड्यावर ठेवलं की स्क्रू बसल्यावर मशीन कडकड करून सुटतं आणि स्क्रूच्या डोक्याची चांदणी शाबूत राहते. शिकाऊ हाताला याच्याइतका चांगला मास्तर नाही. पुढे ‘18 व्होल्ट’ आणि ‘20 व्होल्ट मॅक्स’ या दोन पाट्यांत गुंतू नका. दोन्हींच्या आत तेच पाच सेल असतात. पूर्ण चार्ज असताना मोजलं तर 20, नेहमीच्या हिशेबानं 18. बॅटरी मात्र विचार करून घ्यावी, कारण एका कंपनीची दुसरीच्या मशीनला सहसा बसत नाही. पुढचं मशीनही मग त्याच घरचं.

लोखंड घासायच्या-कापायच्या ग्राइंडरला आमच्या मामांची, म्हणजे सासऱ्यांची बंदी आहे. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्याचं गार्ड काढून, लाकडाचं दातेरी पातं लावून चौकट कापणारे लोक त्यांनी पाहिलेत. त्यांच्यातल्या एकाच्या बोटांबद्दल ते जेवताना बोलत नाहीत. ड्रिल चालवताना सुती हातमोजे नकोत, हाही त्यांचाच नियम. धागा अडकला की बोट मागोमाग जातं. माझी ओढणी तर आधी खुंटीला.

फिटरचं काम शिकणाऱ्या पोराला पहिले काही आठवडे मशीनला हात लावू देत नाहीत, असं मामा सांगतात. लोखंडाचा ठोकळा, कानस आणि काटकोन तपासायचा गुण्या. कडेला गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घास. इथून दहा किलोमीटरवर मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे तारेचा झंकार जुळवतात, तीही कानशीनंच. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा जराशी. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो स्वर कानशीच्या किमतीवर ठरत नाही. नवऱ्याला हे मी एकदा ऐकवलं. तो म्हणाला, “मग कानसही घेऊ.”

शेवटी आम्ही साधं इम्पॅक्ट ड्रिल, चांगली बिटं आणि गट्टूंची पुडी एवढंच आणलं. बातमी जिन्यातून खाली जायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू वाटी परत करायला म्हणून आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “अरे, एकच पडद्याचा रॉड लावायचाय.” नवरा मशीन घेऊन निघालाच. मामांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, “खिडकीच्या वर ना?”