घरात ठेवायचं पिस्तूल मोठंच का घ्यावं

टेक्सासात किंवा जॉर्जियात घर घेतलेलं मराठी जोडपं बंदुकीच्या दुकानात गेलं, की काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा दोन वस्तू काढतो. नवऱ्यासमोर एक दणकट काळं पिस्तूल आणि बायकोसमोर एक पिटुकलं. हलकं आहे, छोट्या हाताला बरं, पर्समध्येही मावेल, असं वर सांगतो. गडबड इथेच होते. पिटुकलं पिस्तूल कपड्यांखाली लपवून दिवसभर अंगावर बाळगण्यासाठी बनवलेलं असतं. आपल्याला हवंय ते बेडरूममधल्या छोट्या तिजोरीत राहणारं. ते कुठेही न्यायचं नसेल, तर लहान आकाराचा फायदा काहीच उरत नाही, तोटे मात्र सगळे पदरात पडतात.

पहिला तोटा धक्क्याचा. ग्लॉक १७ हे पूर्ण आकाराचं पिस्तूल भरलेल्या मॅगझिनसकट (म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीसकट) साधारण ९०० ग्रॅम भरतं, त्याच कंपनीचं बारीक ४३एक्स साधारण ६५० ग्रॅम. गोळी तीच, ९ मिमी. वजन कमी झालं की तोच धक्का हाताला जास्त बसतो आणि दुसऱ्या गोळीसाठी नेम परत जागेवर यायला वेळ लागतो. दुसरा तोटा स्प्रिंगचा. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग. छोट्या स्लाइडला मागे जायला जागा कमी, म्हणून तिची स्प्रिंग सहसा ताठ असते. म्हणजे 'नाजूक हातांसाठी' म्हणून विकलेलं पिस्तूलच खेचायला जास्त जड! तिसरा तोटा नेमाचा. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक डोळ्याला आधी दिसते. १७ ची नळी ११४ मिमी आहे, ४३एक्सची ८७.

हे सगळं अमेरिकेतलं आहे, हे आधीच स्पष्ट करतो. भारतात ९ मिमी हे सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर (बंदी असलेलं नळीचं माप) आहे. तिथे परवाना मिळाला तरी निवड मुख्यतः .३२ च्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं. तिकडचे निकष इकडे किंवा इकडचे तिकडे लावू नयेत.

आणि अमेरिकेत असलो म्हणून सगळेच विकत घेऊ शकतात असंही नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने शस्त्र किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाला विचारा. बंदी विकत घेण्यापुरती नसून जवळ बाळगण्यावर आहे. नवरा ग्रीन कार्डवर आणि बायको अजून व्हिसावर असेल, तर तिजोरीचा कोड तिला माहीत असणंसुद्धा गोत्यात आणू शकतं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर परवानाधारक दुकानात ४४७३ हा फॉर्म भरायचा आणि पार्श्वभूमी तपासणी होते. त्यापुढे राज्याराज्यांत फरक आहे. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा खरेदी परवाना लागतो आणि मॅगझिनमध्ये १० पेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत. कॅलिफोर्नियात सुरक्षा प्रमाणपत्र, १० दिवसांची वाट आणि कोणती मॉडेल्स नवी विकता येतील याची सरकारी यादी आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये राहत असाल तर आधी राज्याची यादी बघा, मॉडेल नंतर.

आता निवड. माझं ठाम मत असं: घरात ज्यांना हे शस्त्र वापरायची कायदेशीर मुभा आहे आणि ज्यांनी शिकायचं ठरवलंय, त्यांच्यातल्या सगळ्यात लहान हाताला ज्याची मूठ बसेल असं पूर्ण आकाराचं पिस्तूल घ्यावं. मोठ्या हाताला लहान मूठ चालून जाते, लहान हाताला मोठी मूठ चालत नाही. त्यामुळे दुकानात दोघांनी जायचं आणि आधी तिनं धरून बघायचं.

धरून बघायचीही रीत आहे. विक्रेता स्लाइड मागे अडकवून, मॅगझिन काढून पिस्तूल देतो. तरी आपणही चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, डोळ्याने बघायचं आणि करंगळीचं टोक घालून रिकामं आहे याची खात्री करायची. तोंड माणसं नसलेल्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा मुठीच्या मागच्या बाजूला जमेल तितका वर दाबून बसवायचा. या अवस्थेत नळीची रेघ आणि कोपरापासून मनगटापर्यंतची रेघ एकच दिसली पाहिजे. आता विक्रेत्याला विचारून बोट ट्रिगरवर न्यायचं. पहिल्या पेराची गादी, म्हणजे टोक आणि पहिला सांधा यांच्यामधला भाग, ट्रिगरच्या मध्यावर आरामात टेकला तर माप बरोबर. तिथे पोचण्यासाठी मूठ हातात फिरवून घ्यावी लागत असेल, तर मूठ मोठी आहे. मग धक्का तळहातावर न येता अंगठ्याच्या मुळाशी बसतो, आणि ट्रिगर ओढताना नळी बाजूला सरकते. लक्ष्यावर गोळ्या एकाच बाजूला गोळा होताना दिसल्या की लोक माशी दुरुस्त करायला बघतात. दोष बहुतेक वेळा माशीचा नसतो.

या बाबतीत स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ९ एम २.० सोयीचं पडतं. मुठीचे चार मापांचे मागचे तुकडे सोबत येतात आणि सगळ्यात लहान तुकडा खरंच लहान आहे. ग्लॉक १७ च्या पाचव्या पिढीत जोडायचे तुकडे मूठ फक्त मोठी करतात. मूळ मूठ बसली नाही तर दुसरा उपाय नाही. वॉल्थर पीडीपीचा ट्रिगर चांगला आहे. बेरेटा ९२एफएस दिसायला देखणं आणि धक्क्याला मऊ, रिकामंच सुमारे ९५० ग्रॅमचं. पण त्याची मूठ जाड आहे, आणि घोडा (मागची हातोडी, हॅमर) खाली असताना पहिला ट्रिगर लांब आणि जड लागतो, त्यापुढचे सगळे हलके. दोन वेगळ्या ट्रिगरांची सवय करायला सराव लागतो, जो बहुतेक घरांत होत नाही. सीझेड ७५ पोलादी, रिकामंच सुमारे १ किलो, आणि मूठ अप्रतिम. तिथेही ट्रिगरचा तोच दुहेरी प्रकार. नवशिक्याने प्रत्येक वेळी सारखा ओढला जाणारा ट्रिगर घ्यावा हे बरं. बेरेटा-सीझेडच्या प्रेमात पडलेले लोक यावर चिडतात. चिडू देत.

स्लाइड खेचता येत नाही, ही तक्रार ताकदीपेक्षा पद्धतीची असते. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढलं तर धडधाकट माणसालाही जड जातं. पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, तोंड समोर सुरक्षित दिशेलाच. डाव्या हाताचा पूर्ण पंजा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून घट्ट बसवायचा, आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. स्लाइड आपोआप मागे येते. मग ती सोडून द्यायची. हाताने हळूच पुढे नेली तर काडतूस नीट चढत नाही.

कोणती गोळी, यावर आता फार वाद घालण्यासारखं उरलेलं नाही. १९८६ मध्ये मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने ९ मिमी सोडून आधी १० मिमी आणि मग .४० कॅलिबरकडे मोर्चा वळवला, आणि २०१० च्या दशकाच्या मध्यावर ती संस्था पुन्हा ९ मिमीवर आली. गोळ्यांची रचना सुधारली होती, आणि हलक्या धक्क्यामुळे माणसं अचूक मारतात, हे साधं कारण. .४५ मध्ये धक्का जास्त आणि १९११ नावाच्या जुन्या .४५ पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये गोळ्या जेमतेम ७-८. .३५७ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची जबर गोळी बंद खोलीत डागली तर कानांचं काय होईल ते सांगायलाच नको. ९ मिमीचा आवाजही १४० डेसिबलच्या धोक्याच्या रेषेच्या बराच वर जातो.

घरासाठी टोकाशी पोकळ असलेली गोळी भरायची. फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट, १२४ किंवा १४७ ग्रेनची, म्हणजे सुमारे ८ किंवा साडेनऊ ग्रॅमची. आत शिरल्यावर ती फुलते आणि थांबते. एफबीआयच्या जिलेटिनच्या ठोकळ्यावरच्या चाचणीत १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटीमीटर शिरणारी गोळी चांगली धरतात. सरावाची साधी, धातूच्या पूर्ण वेष्टणाची गोळी स्वस्त असते पण फुलत नाही. आरपार जाण्याची शक्यता जास्त.

आणि इथे भिंतींचं बोलायला हवं, कारण आपल्या डोक्यात विटांच्या भिंती असतात. अमेरिकेतली आतली भिंत म्हणजे दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे आणि मध्ये लाकडी पट्ट्या, बाकी पोकळी. ९ मिमीची कोणतीही गोळी, पोकळ टोकाचीसुद्धा, अशा एकापेक्षा जास्त भिंती पार करते. टोकाच्या पोकळीत जिप्समची पूड भरली की ती बऱ्याचदा फुलतच नाही. त्यामुळे पिस्तूल घेण्याआधी घराचा नकाशा कागदावर काढा. बेडरूमच्या दारातून उभं राहून कोणत्या दिशेला मुलांची खोली आहे, कोणत्या दिशेला शेजाऱ्याचं घर? ज्या दिशांना गोळी कधीच जाऊ द्यायची नाही त्यांवर लाल फुली मारा. टाउनहाउसमध्ये राहणाऱ्यांचा कागद बराचसा लालच होतो, आणि त्यांनी मग दणकट दार, चांगलं कुलूप आणि पोलिसांच्या ९११ या नंबरवर जास्त भर द्यावा हे बरं.

दिवा हवाच. कोण आहे हे न दिसता चाप ओढणं म्हणजे उशिरा घरी आलेल्या मुलावर किंवा रात्री पाणी प्यायला उठलेल्या सासूबाईंवर गोळी झाडणं. नळीखालच्या पट्टीवर बसणारे स्ट्रीमलाइट टीएलआर-१ किंवा शुअरफायर एक्स३०० हे दिवे टिकाऊ आहेत. पण पिस्तुलावरचा दिवा जिकडे, तिकडे नळी. म्हणून हातात धरायची वेगळी टॉर्चही उशाशी ठेवायची आणि बघण्याचं काम तिच्यानेच करायचं. अंधारात चमकणारी ट्रिटियमची माशी घेतली असेल तर ट्रिटियमचं अर्धआयुष्य सुमारे १२.३ वर्षं आहे हे ध्यानात ठेवा. जुनं पिस्तूल घेताना माशी मंद दिसली तर ती बिघडलेली नाही, म्हातारी झालीय.

घरी आणल्यावर लगेच त्याच्यावर विसंबायचं नाही. नेमबाजीच्या रेंजवर साध्या २०० गोळ्या आणि घरासाठी निवडलेल्या निदान ५० गोळ्या, त्याच मॅगझिनांतून, एकही अडथळा न येता सुटल्या पाहिजेत. मॅगझिनांवर मार्करने १, २, ३ असे आकडे घाला. अडकण्याचा दोष पिस्तुलापेक्षा एखाद्या मॅगझिनचाच निघतो, आणि आकडा नसेल तर कोणतं ते कळत नाही. रिकामी पुंगळी (डागलेल्या काडतुसाचं कवच) ती बाहेर पडायच्या स्लाइडवरच्या खिडकीत उभी अडकली तर बहुधा मनगट सैल राहिलंय: हात धक्क्याबरोबर मागे गेला की स्लाइडला पुरेसा मागे जाण्याचा जोर मिळत नाही. हलक्या पिस्तुलांत हे जास्त दिसतं. अडकलं तर मॅगझिनच्या बुडाला खालून जोरात थाप, मग स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडायची. हाताला हे इतकं बसलं पाहिजे की विचार करावा लागू नये.

आता एक बारीक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. रोज सकाळी पिस्तूल रिकामं करून रात्री परत भरणाऱ्या घरांत तेच वरचं काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढतं. दर वेळी त्याचं टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या चढावावर आपटतं आणि गोळी पुंगळीत किंचित आत सरकत जाते. आतली जागा कमी झाली की डागताना दाब धोकादायक वाढू शकतो. ते काडतूस डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी सपाट टेबलावर उभं करा. उंचीत फरक डोळ्यालाही दिसला, तर ते वापरायचं नाही. रेंजवर निकामी काडतुसांचा डबा असतो, त्यात टाका. म्हणून वरचं काडतूस दोन-तीन वेळा चढवल्यावर बदलावं.

उशीखाली, कपाटावर, उघड्या ड्रॉवरमध्ये, यांतली कोणतीही जागा मुलं असलेल्या घरात चालणार नाही. बटणांचा कोड असलेली छोटी पोलादी तिजोरी घ्या आणि जमिनीला किंवा पलंगाच्या लाकडाला आतून बोल्टने जखडा. नुसती ठेवलेली तिजोरी म्हणजे चोराला उचलून न्यायला सोपी पेटी. कोड मुलांच्या वाढदिवसाचा नको. मुलं तोच आधी दाबतात. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या स्वस्त तिजोऱ्या ओल्या किंवा घामेजल्या बोटाला दाद देत नाहीत, त्यामुळे बटणंच बरी. सोबतची किल्ली तिजोरीशेजारी टांगू नका. बॅटरी दर वर्षी ठरावीक दिवशी बदला, दसऱ्याला शस्त्रपूजेच्या निमित्ताने बदलली तर विसरायचं कारण नाही. त्याच दिवशी दिव्याची बॅटरी बदला, आणि मॅगझिन रिकामं करून त्याची स्प्रिंग, वरच्या कडा (ओठ) आणि काडतुसं नीट बघून घ्या.