घंटा मीच वाजवली

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला परीक्षक व्हायचं म्हणजे दुपारपर्यंत पंचवीस वेळा "युद्ध नको, बुद्ध हवा" ऐकायचं. अमळनेरकडच्या त्या कॉलेजात यंदा विषय तरी बरा होता: 'अचूक शस्त्रांमुळे युद्धातली नागरिकांची हानी टळते.'

गुणपत्रिकेत खंडनाला 20 गुण असतात आणि आमचे बहुतेक परीक्षक डोळे मिटून सगळ्यांना 12 देतात. मी आधी हात बघतो. समोरचा बोलताना ज्याच्या हातात पेन नाही, तो पाठ करून आलाय. त्या दिवशी एकच मुलगी लिहीत होती, प्रवेशिकेच्या कोऱ्या बाजूला.

तिच्या आधीचा मुलगा म्हणाला, लेझर बॉम्ब ठरल्या खिडकीतून आत जातो. तिने तिथूनच धरलं. "13 फेब्रुवारी 1991, बगदाद. अमिरियाच्या निवाऱ्यावर अमेरिकेचे दोन लेझर बॉम्ब ठरल्या जागीच पडले. त्यांना ते लष्करी केंद्र वाटलं होतं. आत बायका-पोरं झोपलेली. 400च्या वर मेली. नेम कुठे चुकला, सर?"

मग 1977चा जिनिव्हा प्रोटोकॉल, म्हणजे युद्धाच्या नियमांच्या 1949च्या जिनिव्हा करारांना नंतर जोडलेला करार. लक्ष्य लष्करीच आहे याची शक्य ती सगळी खात्री करा, असं कलम 57 सांगतं. पण 'शक्य' म्हणजे किती, ते हल्ला करणाराच ठरवतो ना? भारताने 1949चे मूळ करार मान्य केलेत, हा प्रोटोकॉल नाही, हेही तिने सांगितलं. सहपरीक्षकांनी तिथे लाल फुली मारली: 'चुकीचा संदर्भ.' देशाबद्दल जरा उणं ऐकलं की यांचं पेन आपोआप चालतं.

मी पहिली घंटा दिली. ती गडबडली आणि अहिराणीवर आली. "मन्हा भाऊ तोफखानामा शे. त्याले आकडा येस, तो तोफ लावस. तठे कोण शे, हाई त्याले कोण सांगस?"

सभागृहात हशा. अहिराणी ऐकली की आपलीच पोरं हसतात, याचा राग वेगळाच. दुसरी घंटाही मीच दिली, वेळ ओलांडल्याचे 5 गुण कापले. नियमच आहे तो.

ती 3 गुणांनी दुसरी आली. खिडकीवाला पहिला.

रात्री घरी येऊन तपासलं. भारताने तो प्रोटोकॉल खरंच स्वीकारलेला नाही. दुसऱ्या दिवशी संयोजकांना फोन केला तर म्हणाले, "सर, ट्रॉफी वाटून झाली आता."

तिची प्रवेशिका माझ्या फाइलीतच आली होती. मागे पाच मुद्दे. चारांवर रेघ मारलेली. पाचवा तसाच: 'खात्री नसेल तर तोफ लावणाऱ्याला नाही म्हणता येतं का? भाऊला विचारायचंय.'