भट्टीवरून सुटलेल्यांची बिअर

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या चॅपल ॲश भागातून सकाळी चालत जाताना एक वास यायचा. गरम पाण्यात भिजलेल्या जवाचा, थोडा भाकरी शेकल्यासारखा, थोडा गोडसर. तिथे ‘बँक्स’ बिअरची पार्क ब्रुअरी (बिअर बनवण्याचा कारखाना) होती, १८७५ सालची. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्स कंपनीने जाहीर केलं, की पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत ही ब्रुअरी बंद होणार. बातमी आली त्या दिवशी आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कुणी फुटबॉलचं नाव काढलं नाही. ज्यांनी कित्येक वर्षांत बँक्सचा घोट घेतला नव्हता, तेही गप्प होते. घरातलं जुनं माणूस जावं तशी ती शांतता होती. ती मला नीट कळली नाही, म्हणून मी या बिअरच्या मागे लागलो.

मी कोल्हापूरचा. आबांनी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, तीस वर्षं मोल्डर म्हणून काम केलं. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे वळसे उमटलेले असायचे. आल्याआल्या गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, मग ताक, आणि त्यानंतरच बोलणं. आई माळकरी. आमच्या घरात दारूचा विषय निघत नाही, आणि हे लिखाण ती वाचणार आहे हे मला ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण इथल्या माइल्ड नावाच्या बिअरची गोष्ट मला सारखी आबांच्या त्या तांब्याकडे घेऊन जाते.

डडली, वॉल्सॉल, सँडवेल, वुल्व्हरहॅम्प्टन हा सगळा पट्टा म्हणजे ब्लॅक कंट्री. जमिनीखाली कोळसा, वर भट्ट्या, आणि धुराने काळं आभाळ. क्रॅडली हीथला साखळदंड व्हायचे, विलनहॉलला कुलपं. नेदरटनच्या हिंगली कारखान्यात टायटॅनिकचा मोठा नांगर घडला आणि तो ओढून न्यायला वीस घोडे जुंपले होते, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. अशा ठिकाणी दिवसभर राबलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी जातं, मीठ जातं, ताकद जाते. त्याला भरपूर प्यायला हवं, त्यात थोडी साखर हवी, ते खिशाला परवडायला हवं, आणि सकाळी पुन्हा वितळलेल्या लोखंडासमोर पाय न अडखळता उभं राहता यायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्यावरची माइल्ड नेमकी या गरजेची होती. साधारण तीन-साडेतीन टक्के अल्कोहोल, कडवटपणा अगदी कमी, माल्टचा आणि जळक्या साखरेचा गोडवा, रंग तांबूस ते काळसर. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि असे चार-पाच पाइंट पिणारी माणसं सरळ चालत घरी जायची.

‘माइल्ड’ म्हणजे सौम्य, असाच माझा सुरुवातीला समज होता. मूळ अर्थ वेगळा आहे. जी बिअर महिनोन्‌महिने लाकडी पिंपात मुरवत ठेवलेली नाही, जिला आंबट जुनेपणा आलेला नाही, ती माइल्ड. म्हणजे ताजी. एकोणिसाव्या शतकात अशी ताजी बिअर चांगली सहा टक्क्यांची आणि त्याहूनही कडक असायची. तिला उतरवलं महायुद्धांनी आणि करांनी. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा एका प्रमाणित बॅरलवर ७ शिलिंग ९ पेन्स कर होता, १९२० साली तो १०० शिलिंग झाला. किंमत आवाक्यात ठेवायची तर बिअर पातळ करण्यावाचून ब्रुअरीकडे इलाज नव्हता. दुसऱ्या महायुद्धात बिअरला रेशन लागलं नाही, कारण लोकांचा धीर टिकवायला ती मिळत राहणं सरकारला गरजेचं वाटलं. पण माल्ट आणि साखर मोजून मिळू लागली, जोडीला ओट आणि जवाचे पोहे घालायचे आदेश निघाले, आणि बिअर आणखी उतरली. १९५०च्या दशकात इथला कामगार जी माइल्ड पीत होता ती अशी टंचाईतून घडलेली होती. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो इथेच. इतक्या थोड्या जिनसांत चव राखणं हे कसबाचं काम आहे. कडक बिअरमध्ये दोष लपतात, पातळ बिअरमध्ये लपत नाहीत.

वॉल्सॉलच्या हायगेट ब्रुअरीची हकिगत मला फार आवडते. १९३९ साली बर्मिंगहॅमजवळच्या बलाढ्य मिचेल्स अँड बटलर्सने ती विकत घेतली, बंद करायच्याच इराद्याने. तेवढ्यात युद्ध लागलं. कच्चा माल ब्रुअरीगणिक ठरवून मिळू लागला. ब्रुअरी बंद केली तर तिच्या वाट्याचं माल्टही गेलं असतं. म्हणून हायगेट चालू राहिली, आणि पुढे कित्येक दशकं तिच्यातून मुख्यतः गडद माइल्डच बाहेर पडत राहिली. रेशनच्या कार्डाने घर तगावं, तशी ती तगली.

त्या काळात पब बहुतेक कुठल्या ना कुठल्या ब्रुअरीच्या मालकीचे असत आणि तिथे त्याच ब्रुअरीची बिअर मिळे. त्यामुळे चव गल्लीगणिक बदलायची. वुल्व्हरहॅम्प्टनात बँक्स आणि स्प्रिंगफील्डचे बटलर्स, डडलीत हॅन्सन्स, ब्रायर्ली हिलला बॅथम. बँक्सची कंपनी, म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टन अँड डडली ब्रुअरीज, १८९०ची. १९४३ साली तिने हॅन्सन्स घेतली, तरी डडलीची बिअर डडलीतच बनत राहिली. पिंपातून मिळायची ती माइल्ड आणि तिच्याहून थोडी महाग, कडवट चवीची बिटर. बाटलीतून लाइट एल, ब्राऊन एल, स्टाउट. पिंपातल्या बिअरचा भरवसा नसेल तर लोक अर्धा पाइंट माइल्ड घेऊन त्यात ब्राऊन एलची बाटली ओतायचे. बाटलीतला माल खात्रीचा, शिवाय अर्धा पाइंट ओतताना बारवाला हात सैल सोडायचा. बॅथमकडे तर १९५१मध्ये बिटर आली, त्याआधी त्यांची सगळी मदार माइल्डवर होती. आज लोक लांबून त्यांची बिटर प्यायला येतात. त्यांचा पब ‘व्हाइन’ (म्हणजे द्राक्षवेल) ब्रायर्ली हिलच्या डेल्फ रोडवर आहे. कागदोपत्री नाव तेच, पण सगळे त्याला ‘बुल अँड ब्लॅडर’ म्हणतात. कपाळपट्टीवर शेक्सपिअरची एक ओळ मोठ्या अक्षरांत रंगवली आहे आणि मागे ब्रुअरी. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा चीज-कांद्याचा कॉब, म्हणजे गोल पाव, आणि अर्धा पाइंट माइल्ड घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. शेजारचा माणूस म्हणाला, ‘बॉस्टिन, ना?’ बॉस्टिन म्हणजे आमच्याकडचं ‘लई भारी’.

ही बिअर बनते कशी ते थोडक्यात सांगतो. जवाला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट होतं. ते भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात भिजवलं की त्यातल्या पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर तास-दीड तास उकळायचा, थंड करायचा, यीस्ट घालून काही दिवस आंबू द्यायचा. उरलेला चोथा गुरांना जातो. पण मुख्य गोष्ट पुढे आहे. ही बिअर यीस्टसकट, जिवंत, पिंपात भरून पबकडे जाते आणि तळघरात, बारा अंशांच्या आसपासच्या गारव्यात, तिचं शेवटचं आंबणं होतं. तळघर सांभाळणाऱ्याने पिंपाला कधी श्वास घेऊ द्यायचा आणि कधी बूच घट्ट करायचं यावर चव ठरते. पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवायला हवं.

कोल्हापूरकरांना हे लगेच कळेल. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ दूध ग्लासात देतात, ते आपण तिथेच उभ्याने पितो. घरी नेऊन, फ्रीजमध्ये ठेवून पिण्याचं ते दूध नव्हे. माइल्डचं तसंच आहे. ती ज्या गावात बनते त्याच्या आसपासच प्यायची. आता बँक्स बर्टन या दुसऱ्या गावात बनवून इकडे आणली तर नाव तेच राहील, पण चॅपल ॲशचा वास तिच्याबरोबर जाणार नाही, आणि लोकांना दुःख आहे ते याचं.

या पिंपांत आपल्या किनाऱ्याशी नातं सांगणारी एक वस्तूही जाते. यीस्टचा गढूळपणा खाली बसवायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास घालतात. घोळ माशाच्या अशाच पिशवीला आपले कोळी बोत म्हणतात आणि तिला सोन्यासारखा भाव येतो. तिच्या अनेक उपयोगांपैकी एक हाच, बिअर आणि वाइन नितळ करण्याचा. ब्रिटिश काळात हिंदुस्थानच्या बंदरांतून अशा पिशव्या विलायतेला जात. हे समजल्यापासून काचेतली ती तांबूस नितळाई मी जास्त वेळ बघत राहतो.

सेजलीच्या बीकन हॉटेलबद्दल लिहायचं राहून गेलं तर मला चैन पडणार नाही. १९२१मध्ये सेरा ह्यूज या बाईंनी ते विकत घेतलं आणि मागच्या छोट्या मनोऱ्यासारख्या ब्रुअरीत स्वतःची गडद माइल्ड बनवायला लागल्या. युद्धं झाली, कर वाढले, सगळ्यांच्या बिअरी उतरल्या. पन्नाशीच्या दशकात ही ब्रुअरीही थंडावली. १९८७ साली नातवाने ती पुन्हा पेटवली, आजीच्या कृतीने, सहा टक्क्यांची. त्यामुळे युद्धांआधीची माइल्ड काय चीज होती हे आज जिभेला कळतं: मनुका, करपलेली साखर, दाटपणा. आत छोट्या छोट्या खोल्या आणि मधोमध खिडकी, तिथून वाकून मागायचं. नेदरटनच्या ‘ओल्ड स्वान’मध्ये डोरिस पार्डो होत्या, पब आजही ‘मा पार्डोज’ म्हणूनच ओळखला जातो. डडलीची हॅन्सन्स हीदेखील मूळ ज्युलिया हॅन्सन या बाईंच्या नावाची. पुरुषांच्या घामाची बिअर म्हणतात खरं, पण तिच्यावर इतक्या बायकांची नावं आहेत.

सगळंच गोड नव्हतं. याच १९५०-६०च्या दशकांत पंजाबातून आलेली माणसं इथल्या फाउंड्र्यांत सर्वांत तापलेल्या, सर्वांत धुळीच्या जागी कामाला लागली. शिफ्ट सुटल्यावर घसा त्यांचाही तितकाच कोरडा असायचा. पण कित्येक पबांत त्यांना स्मोक रूममध्ये, म्हणजे पबच्या जरा चांगल्या खोलीत, बसू देत नसत, काही ठिकाणी आतही घेत नसत. फेब्रुवारी १९६५मध्ये इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांना स्मेदिकला आणलं, तेव्हा तिथल्या एका पबच्या स्मोक रूममध्ये त्यांनाही काही द्यायला नकार मिळाला. त्याच वर्षीच्या कायद्याने हा भेद बेकायदा ठरला. आज त्याच परिसरात पंजाबी मालकांचे देसी पब आहेत, तंदूरवरची मिक्स ग्रिल आणि शेजारी पिंपातली बिअर. तिथे जाताना ज्यांना दारातून परतवलं त्यांची आठवण मी ठेवतो. लोखंड ओतताना कुणाला कातडीचा रंग दिसत नव्हता, मग ग्लास भरताना का दिसावा, हा प्रश्न मला अजून छळतो.

१९६०च्या दशकापर्यंत इंग्लंडभर बिटर माइल्डच्या पुढे गेली. खाणी मिटत गेल्या, भट्ट्या विझल्या, तरुणांना आजोबांचं पेय नको होतं. १९६० साली मिचेल्स अँड बटलर्सने बटलर्स घेतली. त्या स्प्रिंगफील्ड ब्रुअरीच्या जागी आता वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठाची इमारत आहे. ब्लॅक कंट्रीने माइल्ड सर्वांत जास्त काळ धरून ठेवली, कारण इथे भट्ट्याही उशिरापर्यंत जळत होत्या.

मागच्या उन्हाळ्यात आबा आले होते. मी त्यांना एका साध्या पबमध्ये नेलं. त्यांनी लिंबू सरबत घेतलं, मी माइल्ड. त्यांनी माझा ग्लास उचलून नाकाशी नेला आणि म्हणाले, “काकवीचा वास येतोय की रं. गुऱ्हाळात बसल्यागत वाटतंय.” शेजारच्या टेबलावर एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ होते, टिप्टनच्या फाउंड्रीत आयुष्य गेलेले. आबांच्या मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग त्यांना दिसला. त्यांनी काही न विचारता स्वतःची बाही वर केली. त्यांनाही तसाच, कोपराजवळ.

आबांना इंग्रजी येत नाही, आणि त्या गृहस्थांचं ब्लॅक कंट्रीचं बोलणं मलाही अर्धंच कळतं. मी मध्ये पडून सांगायला लागलो, की आबा मोल्डर होते, ओल्या वाळूचे साचे करायचे. ‘वाळू’ हा शब्द मी इंग्रजीत उच्चारला तेवढ्यात त्या गृहस्थांनी हवेतच वाळू उचलल्यासारखी मूठ आवळली, उघडली आणि अंगठ्याने मधोमध मोडून दाखवली. ओल बरोबर असेल तर लाडू एका फटक्यात, सरळ रेघेत मोडतो. आबा हसले. त्यांनीही मूठ आवळली आणि नकारार्थी मान हलवत बोटांच्या फटीतून वाळू गळून दाखवली. ही कोरडी, चालणार नाही. मग दोघं बराच वेळ हातांनीच बोलत राहिले, आणि मी जाऊन त्या गृहस्थांसाठी आणखी एक माइल्ड घेऊन आलो.