तुम्ही विचारलंत म्हणून : ‘डॉक्टर, लेसरने होईल ना?’

मूळव्याधीतून रक्त जाणारे रुग्ण माझ्या कोथरूडच्या दवाखान्यात येतात, तेव्हा तपासणीआधीच त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘कापाकापी नको, लेसरने होईल ना?’ रिक्षांच्या पाठीवर आणि चौकाचौकांतल्या फलकांवर लेसरचा एवढा गाजावाजा आहे की, दुसरा काही उपाय असतो हे अनेकांच्या गावीही नसते. माझे उत्तर असे की, अशा बहुतेक रुग्णांना लेसरची तर नाहीच, भूल देण्याचीही गरज पडत नाही.

मात्र रक्त मूळव्याधीचेच आहे, याची खात्री आधी करावी लागते. शौचाच्या वेळी टपटप पडणारे, लालभडक आणि न दुखता जाणारे रक्त बहुधा कोंबांचेच, म्हणजे गुदद्वारातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांच्या गाठींचेच, असते. तरीही चाळिशी उलटलेल्या, वजन घटलेल्या, शौचाची सवय अलीकडे बदललेल्या किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेल्या माणसाला मी कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठे आतडे दुर्बिणीने तपासण्याचा, आग्रह धरतो. ‘मिसळ सोडली की थांबेल’ या भरवशावर महिनोन्‌महिने काढून, हिमोग्लोबिन पार खाली गेल्यावर, जिना चढताना धापा टाकत लोक येतात, तेव्हा फार वाईट वाटते.

कोंब पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असतील, म्हणजे बाहेर येत नसतील किंवा येऊन आपोआप आत जात असतील, तर इसबगोल, भरपूर पाणी आणि मोबाइल घेऊन शौचालयात न बसणे एवढ्यानेही पुष्कळदा रक्त थांबते. न थांबल्यास माझी पहिली पसंती बँडिंगला असते. ही पद्धत 1963 मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद जेम्स बॅरन यांनी रुळवली. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून दुर्बिणीची आखूड नळी आत सरकवतात, कोंबाचा वरचा भाग उपकरणात ओढून घेतात आणि त्याच्या बुडाशी लहानशी रबरी कडी चढवतात. त्या जागेला सुईटोचणीची वेदना कळत नाही. दिवसभर जडपणा मात्र जाणवतो आणि शौचाला लागल्यासारखे वाटत राहते. रक्तपुरवठा तुटलेला कोंब साधारण आठवडा-दहा दिवसांत गळून पडतो आणि त्या दिवशी थोडे रक्त दिसू शकते. हे आधी सांगितलेले नसेल, तर घरातले सगळे घाबरून जातात.

ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात (2016) बँडिंगची तुलना डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) कोंबाची रक्तवाहिनी शोधून ती बांधण्याच्या शस्त्रक्रियेशी केली गेली. वर्षभरात त्रास पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण बँडिंगनंतर 49 टक्के, तर त्या शस्त्रक्रियेनंतर 30 टक्के होते; पण गरज पडल्यास बँडिंग पुन्हा करता येते हे हिशेबात धरल्यावर हा फरक बराच कमी झाला आणि सुरुवातीच्या वेदना शस्त्रक्रियेतच अधिक होत्या. म्हणूनच बँडिंग पुन्हा करावे लागले, तर त्याला मी अपयश मानत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना कोंब गळताना जास्त रक्तस्राव होण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी कोंब सुकवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन विचारात घेता येते. गोळ्या थांबवणे शक्यच नसेल, तर मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून कोंबांकडे जाणारी रक्तवाहिनी आतून बंद करण्याची सोयही आता आहे. तिने रक्त कमी होते, बाहेर येणारा कोंब मात्र आत जात नाही.

आता लेसरविषयी. कोंबात लेसरकिरण नेणारा बारीक तंतू घालून उष्णतेने कोंब आकसवतात. वेदना कापण्यापेक्षा कमी होतात, परंतु बहुधा भूल द्यावी लागते, खर्च मोठा असतो आणि दीर्घकाळचा अनुभव बँडिंगइतका नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या (तिसरी म्हणजे कोंब बोटाने आत ढकलावा लागतो ती) निवडक रुग्णांना तो मी जरूर सुचवतो. चौथ्या पायरीला, कोंब आत जातच नसताना, मात्र 1937 पासून चालत आलेली कोंब कापून काढण्याची मिलिगन-मॉर्गन पद्धतीची शस्त्रक्रियाच मला अधिक भरवशाची वाटते.

बँडिंगनंतर ताप आला, लघवी अडली किंवा वेदना वाढतच गेली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. असे क्वचितच घडते, पण तो जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग असू शकतो.