पद्मिनी, यवतेश्वरचा घाट आणि विनाकारण बदनाम झालेला कार्बोरेटर

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे आमच्याकडे, १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा), स्टिअरिंगला गिअर. रोज नाही निघत पण साताऱ्यात रविवारची एक चक्कर ठरलेली. पावसाळा संपल्यावर तिने दोन नखरे सुरू केले. पोवई नाक्याच्या गर्दीत ॲक्सिलेटर सोडला की फुस्स करून बंद, आणि समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरचा घाट धरला की अर्ध्यात आचके, सेकंडला टाकली तरी ओढत नाही, मग कडेला दोन मिनिटं गप उभी केली की परत शहाण्यासारखी चालू.

ज्याला विचारावं तो म्हणे कार्बोरेटर साफ करून घ्या. घेतला की. जेट (पेट्रोलची बारीक भोकं) फुंकले, फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघितले (आले नाहीत, म्हणजे फुटका नाही), चार दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. एकाने प्लगला ठिणगी देणारी कॉइल गरम होतेय सांगितलं, दुसऱ्याने पेट्रोलची वाफ होतेय, एसी पंपावर (टाकीतनं पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप) ओलं फडकं टाका. ते फडकं उन्हाळ्यात खंबाटकीला खरंच कामाला येतं, पण आमची सकाळी थंडीत सुद्धा तशीच वागत होती, मग वाफ कुठली?

एकदा घाटात आचके सुरू असताना चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो तो) थोडासा ओढला आणि गाडी चक्क ओढायला लागली. कॉइलचा दोष असता तर चोकने काही फरक पडला नसता. पुढच्या वळणाला बंद करून प्लग काढला तर पांढराफटक. काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त, बदामी असता तर बरोबर, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय नाहीतर हवा जास्त शिरतेय.

इथे गोडोलीचे आमचे मिस्त्री कामाला आले. कार्बोरेटर न खोलताच नुसतं आयडलिंग ऐकलं आणि म्हणाले, "मालक, त्येला नका बदनाम करू, ही बुडातनं हवा वढतीया. आन् घाटातलं दुखनं येगळं हाय."

आणि ते वेगळं का, हेच मला सगळ्यात पटलं. ॲक्सिलेटर सोडलेला असताना थ्रॉटल (कार्बोरेटरमधली झडप) जवळजवळ मिटलेला असतो, इंजिन मॅनिफोल्डमधून (कार्बोरेटर बसतो ती इंजिनाकडची नळी) जोरात ओढ घेत असतं, त्यामुळे कार्बोरेटरच्या बुडाखालच्या पॅकिंगच्या फटीतनं घुसलेली चोरटी हवा तेव्हाच जास्त त्रास देते. घाटात थ्रॉटल उघडा असतो, ओढ कमी होते, तेवढ्याशा फटीने काही बिघडत नाही. म्हणजे दोन आजार, आणि आम्ही सगळे एकच औषध देत बसलेलो.

त्यांनी सिरींजने कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं, आणि क्षणभर इंजिन एकदम सरळ झालं, मग परत डुगडुग. काहीजण यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल मारतात, कृपा करून तसलं करू नका. कार्बोरेटर उतरवल्यावर दिसलं की कोणीतरी नट इतके आवळलेत की बुडाचे दोन्ही कान वाकलेत, धातू मऊच असतो तो. मग जाड काच, तिच्यावर एमरी पेपर, आणि गोल गोल घासणं. सुरुवातीला फक्त कान चकाकले, मधला भाग तसाच मळकट, तो पण चकाकेपर्यंत हात भरून आले. पॅकिंग मिस्त्रींनीच केलं, पॅकिंग पेपर बुडावर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत, कात्रीला हात न लावता भोकांसकट हुबेहूब कापलं.

घाटाचं दुखणं मात्र पेट्रोलच्या रस्त्यात निघालं. कॉइलची वायर काढली, पंपाकडून येणारी नळी बाटलीत सोडली, स्टार्टर मारला. धार यायला पाहिजे तिथे लघवीची अडचण असल्यासारखे थेंब. टाकीकडचा रबरी पाइप बाहेरून ठणठणीत दिसत होता, उभा चिरला तर आतलं रबर फुगून सुटलेलं, बोट फिरवलं की बोट काळं. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाही, आता तर २० टक्के मिसळतात. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी! सपाटीला बारीक धार पुरत होती, चढावर खप वाढला की फ्लोटची वाटी रिकामी, आणि थांबलं की ती परत भरायची, म्हणून दोन मिनिटांनी चालू. रबराचे तेच कण जेटमध्ये जाऊन बसत होते, साफ केल्यावर चार दिवस बरं वाटायचं ते त्यामुळेच.

इथेनॉलला टिकणारा पाइप घातला आणि मध्ये पारदर्शक फिल्टर. पहिला फिल्टर लवकरच तपकिरी झाला, कारण इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुद्धा मोकळा करतं, तेव्हा एक जास्तीचा घेऊनच ठेवा. शेवटी मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीडेक आटा बाहेर घेतला आणि तिथून कानाने ऐकत थोडं इकडे तिकडे.

आता यवतेश्वर सोडा, पार कासपर्यंत चोकला हात न लावता जाते. एकदम ॲक्सिलेटर दाबला की मात्र अजून एक झटका खाते, तो ॲक्सिलेटर पंपाच्या (पाय दाबला की कार्बोरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारा) डायफ्रामचा, म्हणजे पडद्याचा, आणि तो पार्ट साताऱ्यात मिळेना. कोल्हापूरला उद्यमनगरात विचारून ठेवलंय, तोवर पाय जरा हळू टाकतोय.