तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ ‘प्रिंट’ का नाही लिहायचं?

“ताई, ‘प्रिंट’ आहे, ‘इनपुट’ आहे, दोन्ही आयते मिळतात. मग कन्स्ट्रक्टरला दोन जास्तीचे पॅरामीटर द्यायचे आणि ते सगळ्या कोडभर वागवत बसायचं, हे कशासाठी?”

शनिवारी नौपाड्यात मी डिप्लोमाच्या मुलांना पायथन शिकवते. तिथे दर बॅचमध्ये कोणी ना कोणी हे विचारतंच. ‘प्रिंट’ पडद्यावर लिहितो, ‘इनपुट’ कीबोर्डवरून ओळ वाचतो. मी मात्र कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं हे दोन पॅरामीटर म्हणून कन्स्ट्रक्टरला, म्हणजे वस्तू तयार करणाऱ्या फंक्शनला, द्यायला लावते. ऑफिसात नवीन आलेली मुलंही विचारतात. दोन वाक्यांत उत्तर दिलं की माना डोलतात आणि पुढच्या आठवड्यात कोडमध्ये पुन्हा ‘प्रिंट’ दिसतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

रबाळे एमआयडीसीत आमचं युनिट आहे. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांना लागणारी कंट्रोल पॅनेल तिथे तयार होतात. पॅनेल बाहेर पडण्याआधी टेस्टिंगच्या टेबलावर येतं. टेबलाशेजारच्या पीसीवर मी लिहिलेला एक छोटा कमांड इंटरप्रिटर चालतो. ‘पल्स ३’ टाइप करून एंटर मारलं की तिसऱ्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचला) एक सेकंदाचा पल्स जातो, कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) खट्कन बसतो, पॅनेलवरचा काउंटर एकाने वाढतो आणि खाली उत्तराची ओळ येते. आतलं इंजिन पायथनबरोबर येणाऱ्या ‘सीएमडी’ मॉड्यूलचं. ओळ वाचायची, पहिला शब्द वेगळा काढायचा, ‘डू_पल्स’ अशा नावाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) शोधून चालवायची, पुन्हा प्रॉम्प्ट, म्हणजे ‘पुढची कमांड द्या’ अशी खूण, दाखवायचा.

दोन वर्षं हे छान चाललं. मग एक दिवस टेस्टिंगचे काका म्हणाले, “मॅडम, एकेका पॅनेलला साठ-साठ कमांड मारतो मी. त्या फाइलीत लिहून ठेवल्या आणि रात्री लावून गेलो, तर सकाळी निकाल तयार मिळेल ना?”

मी लगेच हो म्हटलं. ‘सीएमडी’चा कन्स्ट्रक्टर ‘स्टडइन’ (कुठून वाचायचं) आणि ‘स्टडआउट’ (कुठे लिहायचं) हे दोन पॅरामीटर घेतो, तेही पायथन २.३ पासून. दोन फाइली उघडल्या, हाती दिल्या, प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर प्रॉम्प्ट आला आणि तिथेच थांबला. पाच मिनिटं वाट बघितली. सहज एंटर दाबलं तर दुसरा प्रॉम्प्ट आला. म्हणजे मी दिलेली फाइल तशीच पडून होती आणि तो कीबोर्डचंच ऐकत होता.

याचं कारण पायथनच्या दस्तऐवजात स्पष्ट दिलेलं आहे. त्या क्लासमध्ये ‘यूज_रॉइनपुट’ नावाचं एक अ‍ॅट्रिब्यूट असतं. ते खरं असेल, आणि मुळात ते खरंच असतं, तर ओळ वाचायला ‘इनपुट’ हे फंक्शन वापरलं जातं आणि तुम्ही दिलेल्या ‘स्टडइन’कडे कोणी बघत नाही. ते खोटं केलं की तुम्ही दिलेल्या वस्तूचं ‘रीडलाइन’ चालतं. यामागचा विचार मला पटतो. ‘इनपुट’मुळे वरच्या बाणाने जुनी कमांड परत आणता येते, टॅबने शब्द पूर्ण करता येतो, समोर माणूस बसलेला असेल तर हेच हवं असतं. पण एखादी वस्तू हातात घ्यायची, वापरायची नाही आणि तसं सांगायचंही नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. माझ्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल अशा माझ्या कोडमध्ये, मी तो नियमच केला. पॅरामीटर घेतला तर तो पाळायचा, पाळता येत नसेल तर सुरुवातीलाच एरर द्यायची.

अ‍ॅट्रिब्यूट बदललं. आता कमांड भराभर चालल्या, कॉन्टॅक्टर वाजले. निकालाची फाइल उघडली तर तिच्यात एकापुढे एक चिकटलेले साठ प्रॉम्प्ट. उत्तरं कुठे? सगळी टेबलावरच्या पडद्यावर. प्रॉम्प्ट, हेल्प आणि ‘अशी कमांड नाही’ हा निरोप मॉड्यूल स्वतः ‘सेल्फ.स्टडआउट’वर लिहितं. माझ्या प्रत्येक ‘डू_’ मेथडमध्ये मात्र मी साधा ‘प्रिंट’ लिहिला होता आणि तो थेट प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, स्टँडर्ड आउटपुटवर जातो. ‘प्रिंट’ला ‘फाइल’ नावाचं अर्ग्युमेंट असतं, तिथे ‘सेल्फ.स्टडआउट’ दिलं की काम होतं. एकूण तेवीस ठिकाणी बदल केला. यातला एक जरी राहिला असता तर एक ओळ वेगळ्या वाटेने गेली असती आणि ती कुठे गेली ते सकाळी कोणाला कळलं नसतं.

मग ती रात्र आली. सकाळी ट्रान्स-हार्बरने रबाळ्याला उतरून युनिटमध्ये शिरते तर काका टेबलापाशी उभे. पीसीची डिस्क पूर्ण भरलेली आणि पॅनेलवरचे आकडे चुकलेले. प्रत्येक रिलेला पाच पल्स द्यायचे होते, काउंटर सहा दाखवत होता. फक्त शेवटच्या रिलेचे बरोबर पाच होते.

त्या शेवटच्या पाचामुळेच गाठ सुटली. काकांचा हात नीटनेटका. एका रिलेच्या पाच कमांड लिहून झाल्या की ते एक ओळ मोकळी सोडत, मग पुढची रिले. आणि ‘सीएमडी’मध्ये रिकामी ओळ आली की ‘एम्प्टीलाइन’ ही मेथड चालते. ती तुम्ही स्वतः बदलली नाहीत तर आधीची कमांड पुन्हा चालवते. टेबलाशी बसलेल्या माणसासाठी ही सोयच आहे, नुसतं एंटर दाबलं की तोच पल्स पुन्हा. पण फाइलीतली मोकळी ओळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते, तिच्यात कमांड नसते. शेवटच्या गटाखाली मोकळी ओळ नव्हती, म्हणून तो तेवढा वाचला.

डिस्कचं कारणही त्याच जातीचं. वाचण्यासारखं काही उरलं नाही की हे मॉड्यूल ‘ईओएफ’ (एंड ऑफ फाइल) ही तीन अक्षरं कमांड म्हणून पुढे पाठवतं. ‘डू_ईओएफ’ ही मेथड मी लिहिलीच नव्हती, कारण टेबलावरची माणसं काम संपलं की ‘एक्झिट’ टाइप करत. त्यामुळे ‘ईओएफ अशी कमांड नाही’ असा निरोप फाइलीत लिहिला गेला, पुन्हा वाचायला गेला, पुन्हा ‘ईओएफ’, पुन्हा निरोप, असं रात्रभर. ती मेथड दोन ओळींची असते. नुसतं ‘ट्रू’ परत केलं की लूप थांबतो.

मुलांना हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी की ‘प्रिंट’ आणि ‘इनपुट’ लिहिताना आपण न बोलता एक गोष्ट गृहीत धरतो. पलीकडे माणूस आहे, त्याला पडदा दिसतोय, तो कंटाळला की उठून जाईल. पलीकडे कोण आहे हे लायब्ररीला माहीत नसतं आणि ते ठरवणं तिचं कामही नाही. ते बोलावणाऱ्याने, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामने, ठरवायचं. हा विचार माझा नाही, फार जुना आहे. बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात लिहिलं होतं की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, गरज पडली की आणखी एक तुकडा आट्यांनी बसवायचा. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट होतं ती जोडणी) आणले ते याच कल्पनेवर. पंपांच्या पॅनेलवर काम करणाऱ्या आम्हाला ही उपमा समजवावी लागत नाही. नळीचं दुसरं तोंड कुठल्या टाकीत सोडायचं हे नळी बनवणारा ठरवत नाही.

हुशार मुलं यावर एक शॉर्टकट सुचवतात. पायथन ३.४ पासून ‘रिडायरेक्ट_स्टडआउट’ आहे, त्यात कोड गुंडाळला की सगळे ‘प्रिंट’ हवे तिथे जातात. एकट्याने चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये मीही ते वापरते. पण ते बदलतं सबंध प्रोसेसचं आउटपुट. आम्ही पुढे हाच इंटरप्रिटर नेटवर्कवर ठेवला, टेबलावरचा माणूस आणि पॅकिंगमधला माणूस एकाच वेळी कमांड देऊ लागले, प्रत्येकाचा थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारं काम) वेगळा. शॉर्टकट ठेवला असता तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पडद्यावर उमटलं असतं. लायब्ररीत आणि बहुतेक मल्टिथ्रेडेड प्रोग्राममध्ये हे चालणार नाही, असं दस्तऐवजातही लिहिलं आहे. प्रत्येक इंटरप्रिटर स्वतःचं इनपुट आणि स्वतःचं आउटपुट जवळ बाळगत असल्यामुळे आमचं काम सरळ झालं. सॉकेटला (नेटवर्कवरच्या जोडणीला) ‘मेकफाइल’ म्हटलं की फाइलीसारखी वस्तू मिळते, तीच द्यायची. फक्त लिहून झाल्यावर ‘फ्लश’ विसरायचं नाही, नाहीतर उत्तर बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) बसून राहतं आणि पलीकडचा माणूस मशीन अडकलं समजतो.

एक खाच इतकी बारीक आहे की ती मी फळ्यावर दोनदा लिहिते. फंक्शनच्या व्याख्येतच ‘आउट = सिस.स्टडआउट’ असं डिफॉल्ट देऊ नका (‘सिस.स्टडआउट’ म्हणजे प्रोसेसचं तेच स्टँडर्ड आउटपुट). पायथन ते डिफॉल्ट व्याख्या वाचतानाच एकदा ठरवतो. नंतर टेस्टच्या साधनाने ‘सिस.स्टडआउट’ बदललं तरी तुमचं फंक्शन जुन्यालाच धरून राहतं, टेस्टच्या हाती रिकामी स्ट्रिंग येते आणि आपण भलतीकडे चूक शोधतो. डिफॉल्ट ‘नन’ (‘काहीच नाही’) ठेवा आणि ‘सिस.स्टडआउट’ काय आहे ते आत शिरल्यावर बघा.

आणि मराठी. काकांनी निकाल मराठीत मागितले, ‘दाब कमी’, ‘पंप चालू’. पडद्यावर सुरेख दिसले, कारण विंडोजच्या कन्सोलवर पायथन ३.६ पासून यूटीएफ-८ (सगळ्या लिपींना चालणारं एन्कोडिंग) चालतं. फाइलीत लिहायला गेलं की एरर. ‘ओपन’ला मी एन्कोडिंग सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याने सिस्टिमचं कोडपेज, म्हणजे ठराविक अक्षरांचा तक्ता, धरलं. आमच्या पीसीवर ते १२५२ आणि त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. इथे लायब्ररीत एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही, हे मला फार आवडलं. फाइल उघडणाऱ्या ओळीत ‘यूटीएफ-८’ लिहिलं, तीच फाइल आत दिली, झालं.

लायब्ररीतही मी फार काही करत नाही. इनपुटच्या वस्तूला ‘रीडलाइन’ यावं, आउटपुटच्या वस्तूला ‘राइट’ आणि ‘फ्लश’ यावं, एवढीच अट. काही मुलं लगेच बेस क्लास, फॅक्टरी, प्लगइन असा डोलारा उभा करतात, तो मी खोडायला लावते. मोकळ्या ओळीचं काय करायचं आणि इनपुट संपल्यावर काय करायचं, हे दोन निर्णय मात्र मी बोलावणाऱ्याच्या हाती ठेवले आहेत आणि पहिल्या पानावर लिहिले आहेत.

काका फाइल दाखवायला आले तेव्हा म्हणाले, “मॅडम, मोकळ्या ओळी काढून टाकतो ना मी.” मी म्हटलं, राहू द्या, वाचायला बऱ्या पडतात. त्या अजून तशाच आहेत.